पालकर सर आणि बिनकाट्याचा अननस

सर गेले ही बातमी मला बातमीसारखी कळलीच नाही. सकाळी साडेसहाला रंजनाचा फोन आला. रंजना म्हणजे सरांच्या टिश्यू कल्चरच्या खोलीत काम करणारी, पोलादपूरच्या वरच्या अंगाची, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीतली सून. "बाई, आज बाटल्या बदलायच्या हायत. बदलू का राहू देऊ?" असं तिनं विचारलं. माझं दूध उतू जायच्या बेतात होतं आणि माझा सकाळचा स्वभाव अख्ख्या महाडाला माहीत आहे. "हे मला काय विचारतेस? सरांना विचार," असं मी खेकसले. मग ती अगदी हळू म्हणाली, "सर नाय ओ आता… पहाटे गेले. काकू म्हणाल्या बाईंना तूच कळव. मला कसं सांगायचं ते सुचंना." मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. काय बोलावं ते मलाही सुचेना, म्हणून जे सुचलं ते बोलले. "बदल. बाटल्या बदल. त्या थांबायच्या नाहीत."

अर्ध्या तासानं मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा पुढच्या खोलीत सरांना ठेवलं होतं, माणसं जमू लागली होती, आणि मागच्या खोलीत रंजना तोंडाला फडकं बांधून, चिमटा ज्योतीवर धरून, एकेक कोंब जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत ठेवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चिमट्याचा नेम चुकत नव्हता. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "अहो, घरात मयत असताना काम कसलं करतात?" सरांच्या पत्नी, सुमनवहिनी, तशाच बसून होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "करू दे तिला. ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

मोरेश्वर पालकर आणि मी महाडच्या एकाच कनिष्ठ महाविद्यालयात एकोणतीस वर्षं शिकवलं. ते वनस्पतीशास्त्र, मी रसायन. आमच्या प्रयोगशाळांच्या मध्ये एक भिंत आणि एक दार होतं. त्या दारातून ते दर दोन दिवसांनी माझा तराजू मागायला यायचे आणि मी दर वेळी कुरकुरत द्यायचे. त्यांच्या कपाळावर आठी मी फार थोड्या वेळा पाहिली, आणि जेव्हा पाहिली तेव्हा कारण एकच असायचं. मुलांनी जर्नलमध्ये खोटी निरीक्षणं लिहिली की हा शांत माणूस उसळायचा. पुस्तकातल्यासारखं चोख उत्तर आलेलं पान ते सरळ फाडायचे. "रोप चुकलं तर चुकलं लिही. तुझं रोप पुस्तक वाचून वाढत नाही," असं ते म्हणत. एकदा आमच्या प्राचार्यांच्या मुलाचं जर्नल त्यांनी असंच फाडलं. त्यानंतर दोन वर्षं त्यांना सगळ्यात गैरसोयीचं वेळापत्रक मिळालं, आणि त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी मात्र त्यांच्या वाटणीचं भरपूर बोलून घेतलं.

निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात. यांनी घरामागची भाडेकरूंची खोली रिकामी केली, पांढरा रंग दिला, मांडण्या ठोकल्या, त्यांवर ट्यूबलाइट लावल्या आणि पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजनं मोडीत काढलेलं, निर्जंतुक हवेचं कपाट टेम्पोत घालून आणलं. बाटल्या लोणच्याच्या आणि जॅमच्या. वाफ द्यायला मोठा कुकर. केळी, थोडी ऑर्किडं, असं चाललं होतं. मी चेष्टा करायचे, "सर, वहिनींचं स्वयंपाकघर बरं, तिथं निदान खायला मिळतं." ते हसायचे आणि मिलिग्रॅममध्ये काहीतरी मोजायला माझ्या हातात द्यायचे, कारण त्यांचा हात थोडा थरथरायचा आणि माझा नाही.

मग तो जुलै आला. सावित्री नदी महाडच्या बाजारात शिरली आणि डोंगर जागोजाग सुटले. तळीये गाव दरडीखाली गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. रंजनाच्या वाडीचा डोंगरही त्याच दिवसांत सुटला, पण माणसं आदल्या दिवशी खालच्या शाळेत आली होती म्हणून वाचली. घरांना भेगा गेल्या आणि वाडीमागचा अख्खा उतार दरीत गेला. चिखल ओसरल्यावर सर त्या शाळेत कपडे आणि तांदूळ घेऊन गेले. मीही गेले होते. प्रत्येकाला ते विचारत होते, काय हवं. कुणी पांघरूण म्हणे, कुणी मुलांची पुस्तकं. भिंतीला टेकून एक सत्तरीची बाई बसली होती, मथुराआजी, रंजनाची सासू. तिनं आमच्याकडे वर बघून म्हटलं, "सर, आमचा अननस आणून द्याल काय?" आजूबाजूच्या बाया तिला गप्प करायला लागल्या. "म्हातारीचं डोकं फिरलंय, मनावर घेऊ नका," असं एकीनं सांगितलं. सर मात्र तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

तो अननस तिच्या आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणलेला होता. ते गोदीत कामाला होते. फळ लहान, रस मधासारखा, आणि पानाला काटा म्हणून नाही, अगदी टोकालासुद्धा नाही. मुलं त्या पानांतून उघडी धावायची. वाडीचा एक दंडक होता. फळं पोलादपूरच्या स्टँडवर विकायची ती शेंडा मोडून, कारण शेंडा रुजवला की नवं झाड होतं. शेंडा किंवा बुंध्याचा फुटवा वाडीबाहेर जायचा नाही, लेकीबरोबर सासरीसुद्धा नाही. "आमचा हाय तो, दुसऱ्याला कशाला?" असं म्हणत तीन पिढ्या त्यांनी तो जपला, आणि त्या जपण्यामुळंच, उतार गेला तसा तो जगातून गेला. कुणाकडे मागायला जावं तर कुणाकडे नव्हताच. आजी म्हणाली, "घर पडलं तर सरकार पत्र्याचं देईल. पण वाडी हाय कशावरून, असं पोरांनी विचारलं तर मी दाखवू काय?" तिचे दोन मुलगे मुंबईत होते आणि मे महिन्यात अननस पिकायच्या बेतानं घरी यायचे. आता ते यायचेच नाहीत अशी धास्ती तिनं घेतली होती.

ऑक्टोबरात जमीन जरा घट्ट झाल्यावर सर त्या तुटलेल्या उतारावर चढले. वय त्रेसष्ट, हातात काठी, बरोबर रंजना. मी जाऊ नका म्हणून भांडले, ते भांडण नेहमीप्रमाणे वाया गेलं. दरडीच्या काठाला त्यांना दोन झाडं मिळाली, त्यांतलं एक कुजलेलं. दुसरं त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन महाडला आणलं. त्याला फळ नव्हतं, फुटवा नव्हता. जमिनीत लावून वाट पाहिली असती तर वर्षा-दोन वर्षांनी तीन-चार रोपं झाली असती, आणि मेलं असतं तर काहीच नाही. दुसरी वाट म्हणजे पानं सोलून, बुंधा कापून, प्रत्येक पानाच्या बेचक्यात निजलेला डोळा काढायचा आणि बाटलीत वाढवायचा. त्यात मूळ झाड संपतं. सर मुद्दाम ते झाड घेऊन आजीला विचारायला गेले. तिनं झाडाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "कापून वाढतंय होय?" "वाढतं." "मग कापा. पण परत द्या हां." सरांनी शब्द दिला, येणारा पावसाळा सोडून त्याच्या पुढच्या पावसाआधी वाडीतल्या बावीस घरांना प्रत्येकी दहा रोपं. सर शब्द देताना मी मागे उभी होते. मला तेव्हाच वाटलं होतं की रोपांच्या बाबतीत तारीख सांगू नये.

आता जरा शास्त्र सांगते, सर असते तर त्यांनी सोपं करून सांगितलं असतं. त्या डोळ्याला नुसतं खाणं देऊन तो वाढत नाही, त्याला सांगावं लागतं. ते सांगण्याचं काम संजीवकं करतात, म्हणजे वनस्पतींची हार्मोन्स. एक सायटोकायनिन जातीचं, ते म्हणतं फूट. दुसरं ऑक्झिन, ते म्हणतं मूळ धर. एका कोंबाचे पाच, पाचाचे पंचवीस करायचे असले तर पहिलं जास्त, दुसरं नावाला. मुळं हवी झाली की पहिलं बंद. सगळा खेळ लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅमचा, जिऱ्याच्या दाण्याहूनही कमी. ते मोजायचे मी. पांढरी पूड कागदावर घ्यायची, अल्कलीच्या दोन थेंबांत विरघळवायची, मग पाण्यात. सर शेजारी श्वास रोखून उभे राहायचे. पहिल्या महिन्यात अकरा डोळ्यांपैकी चार जगले. त्या चारांच्या बुडाशी हिरवे दाणे दिसू लागले तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं, आणि मी पोहोचेपर्यंत वहिनींनी शिरा केलेला होता.

रंजना तोवर कामाला लागली होती. दहावी नापास, पण तिच्या बोटांसारखी बोटं मी एमएस्सीच्या मुलींची पाहिली नाहीत. वर्षभर सगळं छान चाललं, बाटल्या दोनशेवर गेल्या. मग मार्गशीर्षात एका आठवड्यात निम्म्याहून अधिक बाटल्यांत पांढरी-काळी बुरशी आली. सरांनी हवेचं कपाट तपासलं, कुकर तपासला, माझं पाणी तपासलं, मी रागावले. तिसऱ्या दिवशी रंजना दारात येऊन रडायला लागली. वाडीच्या देवीची जत्रा झाली होती, डोंगर सुटला तरी देऊळ उभं होतं, आणि तिथला अंगारा तिनं आणला होता. आपल्या अननसाला देवीचं लक्ष असावं म्हणून प्रत्येक बाटलीत, कोंब ठेवताना, कणभर. मी तोंड उघडलंच होतं, पण सरांनी हात वर केला. "पुडी कुठं आहे?" असं त्यांनी विचारलं. तिनं कमरेची पुडी काढून दिली. त्यांनी ती उरलेली राख एका छोट्या बाटलीत घातली, झाकण लावलं, कुकरमध्ये ठेवली आणि वीस मिनिटं वाफ दिली. मग मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. "देवी इथं बसेल आणि सगळ्यांवर लक्ष ठेवील," ते म्हणाले. "बाटलीत फक्त रोप." रंजनानं डोळे पुसत विचारलं, "वाफेनं देवीला काय व्हायचं नाय ना?" सर म्हणाले, "दरडीनं झालं नाही, कुकरनं काय होणार?"

इथवर मी त्यांची बाजू घेऊ शकते. पुढचं मला लिहायला जड जातं, पण जर्नल फाडणाऱ्या माणसाबद्दल गोड-गोड लिहिलं तर ते वरून माझंही पान फाडतील. पावसाला सहा महिने उरले होते, बाटल्या अर्ध्या गेल्या होत्या आणि शब्द दिलेला होता. एका दुपारी सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, या वेळी फुटीचं संजीवक दुप्पट करू या." एवढं घातलं तर काय होऊ शकतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. मी पूड मोजली. एरवी प्रत्येक गोष्टीला आडवी येणारी मी, त्या दिवशी बोलले नाही. मलाही ते पावसाआधी व्हायला हवं होतं.

आणि झालं. बाटल्यांत झुपकेच्या झुपके आले, एकात चाळीस-पन्नास कोंब. काही काचेसारखे पाणीदार दिसत होते. सरांच्या वहीत त्या नोंदीपुढे एक प्रश्नचिन्ह आहे, मी ते नंतर पाहिलं. फाल्गुनात मुळं धरवली, चैत्र-वैशाखात हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये रोपं ऊन सोसायला शिकली, आणि ज्येष्ठात आम्ही टेम्पो भरून वाडीच्या नव्या जागी गेलो. पत्र्याच्या शेडींसमोर बाया हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. मथुराआजीनं आपली दहा रोपं पदरात घेतली आणि सरांच्या डोक्यावरून हात फिरवला. सर तेव्हा लहान मुलासारखे लाजले होते.

दिवाळीनंतर रंजनाचा फोन आला. "सर, पानांना काटं आल्यात." दुसऱ्या दिवशी आम्ही पहिली एसटी धरली. सर एकेका रोपापाशी वाकून पानाच्या कडेवरून बुंध्यापासून टोकापर्यंत अंगठा फिरवत गेले. दर तीन रोपांत दोनांना काटे होते, काहींना दोन-दोन शेंडे, काही नुसतीच खुजी. संजीवकाचा जोर जास्त झाला की कोंब मूळ झाडाचं वळण विसरतात, हे ते तीस वर्षं शिकवत आले होते. अंगठ्यातून रक्त यायला लागलं तरी त्यांनी बाविसावं घर होईपर्यंत सोडलं नाही. मग सगळ्यांना शेडीसमोर बोलावलं. प्रवचनासारखं काही नाही, चार वाक्यं. "चूक माझी आहे. मला घाई झाली म्हणून मी औषध जास्त घातलं. हा तुमचा अननस नाही. काट्याचं एकूणएक रोप उपटा, आणि बिनकाट्याचंही उपटा, कारण त्याच बाटल्यांतलं आहे, त्याचा भरवसा मी देऊ शकत नाही." मी शेजारी उभी होते. पूड मीच मोजली होती आणि मी मोजली हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. परतीच्या एसटीत मी रडले तेव्हा ते म्हणाले, "तराजूचा काय दोष?" मला अजून त्याची लाज वाटते.

वाडीत गलका झाला. कुणी म्हणालं, काटे असू देत, फळ तर येईल. मथुराआजी उठून उभी राहिली. "सर, पोर खोडकर निघालं म्हणून कोण घराबाहेर काढतं काय? मी बांधावर लावीन, डुक्कर तरी येणार नाय." सर हात जोडून म्हणाले, "आजी, बांधावरही नको. याचे फुटवे मिसळले तर दहा वर्षांनी खरा कुठला ते तुमच्या नातवाला कळणार नाही." "खरा हाय कुठं आता? तुम्ही कापलात ना तो!" असं म्हणून तिनं पाठ फिरवली. आम्ही सगळी रोपं उपटून दरीकाठी जाळली. आजीनं आपली दहा मात्र स्वतःच्या हातानं उपटली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि त्यानंतर सात-आठ महिने ती सरांशी बोलली नाही.

रोपं जाळली त्या संध्याकाळी महाडच्या खोलीत सर नुसते स्टुलावर बसून होते. मी चहा केला, तो तसाच राहिला. रंजना दारातल्या दारात चुळबुळत होती. शेवटी ती म्हणाली, "सर, रागावणार नाय तर एक सांगू? तुम्ही सगळ्या बाटल्या नव्या मापावर घ्यायला सांगितल्या ना… मी सात ठेवल्या." सर म्हणाले, "कशा ठेवल्यास?" "जुन्याच मापावर. खालच्या फळीला, मागं. सगळं पेरायचं नाय, बियाण्याला मागं ठेवायचं, असं आत्या सांगतात. भाताचं आम्ही तसंच करतो. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ओरडाल म्हणून…" आत्या म्हणजे तिची सासू, मथुराआजी. सर खाली वाकले. लोणच्याच्या सात बाटल्या, प्रत्येकीत पाच-सहा गबदुल कोंब, हळू वाढलेले, गडद हिरवे. मग उठून त्यांनी रंजनाला वाकून नमस्कार केला. ती बिचारी घाबरून मांडणीवर आपटली. "उद्यापासून वनस्पतीशास्त्र हिनं शिकवायचं आणि मी बाटल्या धुवायच्या," असं ते म्हणाले, आणि खरोखरच त्या दिवसापासून ते बाटल्या धुऊ लागले.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. संजीवक आधीच्याही निम्मं. चार वेळांपेक्षा जास्त बाटली बदलायची नाही, आणि बाटलीबाहेर आलेल्या प्रत्येक रोपाच्या पानावरून अंगठा. या वेळी त्यांनी कुणाला तारीख सांगितली नाही. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक घराला तीनच रोपं मिळाली. मथुराआजीकडे सर स्वतः घेऊन गेले, तिनं दार उघडलं, रोपं घेतली, पानांवरून तिनंही अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पाणी घ्या." एवढंच, पण परतताना सर गाडीत गुणगुणत होते. त्यानंतर पुरी दोन वर्षं ते महिन्यातून एकदा वाडीवर जात राहिले. अननसाला फळ धरायला तेवढा काळ लागतोच, आणि पान कसंही असलं तरी खरा-खोटा निकाल फळाचाच. मध्येच त्यांचं खाणं कमी झालं, अंग पिवळं पडलं. यकृताचा आजार होता, फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. सरांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाई, फळं धरली का हो?" धरली होती, पण हिरवी, मुठीएवढी. पिकायला दोन महिने तरी होते.

आजीची आणि त्यांची शेवटची भेट ज्येष्ठातली, दवाखान्यातली. त्या दुपारी दारात मथुराआजी उभी राहिली, नऊवारी चापून नेसलेली, हातात कापडी पिशवी. आधी जीप, मग एसटी करून एकटी आली होती. पिशवीतून तिनं पिवळाधमक अननस काढला, शेंड्यासकट. "सर, पिकला बघा. पहिला तुमास्नी आणला. शेंडा बघायचा असंल तुमाला म्हणून तसाच ठेवलाय." मी चकित झाले, कारण आठ दिवसांपूर्वीच मी वाडीवर जाऊन हिरवी फळं पाहिली होती. मी बोलणार होते, पण सरांनी फळ हातात घेतलं. शेंड्याच्या एका पानावरून त्यांनी अंगठा फिरवला, बुडापासून टोकापर्यंत, आणि टोकाशी जरा थांबले. "तोच ना आजी?" "तोच. देवीची शप्पत." "मग कापा." वहिनींनी फोडी केल्या. चार दिवस चमचाभर पेजही न गेलेल्या त्या माणसानं एक फोड खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी. आजीनंही एक तोंडात टाकली. सर म्हणाले, "छान आहे." ती पदराला हात पुसत, समाधानानं निघून गेली. ती जिना उतरल्याचं कळल्यावर सरांनी डोळे मिटले. "बाई, टोकाला चार काटे आहेत. बाजारातला आहे." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? तुम्ही?" "एवढ्या लांबून एकटी आली हो ती… तिला सांगू नका." नाही सांगणार, असा मी शब्द दिला. तीन आठवड्यांनी ते गेले.

श्रावणात रंजनाचा पुन्हा फोन आला आणि मी वाडीवर गेले. शेडीमागच्या वाफ्यात पहिला अननस, नव्या रोपाचा म्हणून उशिरानं, पिकला होता, लहान, आखूड देठाचा, आणि त्याचा वास पायवाटेपासूनच यायला लागला. आजीनं तो देवीला दाखवला, विळीवर चिरला आणि पहिली फोड मला न देता स्वतःच घेतली. ती बराच वेळ चघळत राहिली. मी आणि रंजना तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

"हाच," ती म्हणाली. "हाच गो बाई. सासऱ्यांच्या हातचा."

रंजना हसायला लागली. आजी मात्र उरलेली फोड ताटलीत ठेवून गप्प बसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मी सरांशी खोटं बोलले, बाई. तो महाडच्या बाजारातला घेतला होता मी. ते जातील, बघायचे राहतील, असं वाटलं मला. देवीची शप्पत घेतली खोटी. ज्या माणसानं आमच्यासमोर उभं राहून माझं चुकलं म्हणून सांगितलं, त्याला मी फसवलं. आता खरा पिकलाय तर सांगू कोणाला?"

सरांना मी शब्द दिला होता. आयुष्यात त्यांना दिलेला एकुलता एक शब्द मी तिथं मोडला. "त्यांना ठाऊक होतं, आजी."

"कवा?"

"तुम्ही हातात दिलात तेव्हाच. टोकाला काटे होते."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आन तरी तीन फोडी खाल्ल्या त्यांनी?"

"तीन."

"आंबट होता गो तो, बाई…" आजी म्हणाली. "मला एक गिळवली नाय."